सॅलडच्या कृतीत पाण्याचा विचार हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रिल केलेल्या भाज्यांच्या उन्हाळी सॅलडची कृती वाचली. छायाचित्रातील वांग्याच्या कापांवर जाळीचे ठसठशीत पट्टे होते. मी कृतीबरहुकूम केलेल्या सॅलडच्या तळाशी मात्र पाणी साचले आणि वांग्याचा लगदा झाला. ‘सर्व भाज्यांना तेल-मीठ चोळून तासभर ठेवा आणि दहा मिनिटे ग्रिल करा’ एवढ्यावर जी कृती आटोपली होती, तिथेच घोळ आहे.

वांगे, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो या साऱ्यांत 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तेथील तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि खरपूस रंग व वास देणारी मेयार अभिक्रिया तर साधारण 140 अंशांच्या पुढे वेग घेते. त्यामुळे ओलसर काप जाळीवर ठेवला की तो भाजला न जाता आपल्याच वाफेत शिजतो. मीठ हे पाणी आणखी बाहेर ओढते. म्हणून मीठ एकतर भाजून झाल्यावर घालावे, किंवा आधी लावलेच तर सुटलेले पाणी फडक्याने नीट टिपून घ्यावे. मला पहिला मार्ग सोयीचा वाटतो, अपवाद वांग्याचा. त्याचा गर स्पंजासारखा असल्याने ते ओताल तेवढे तेल पिते, पण मिठाने जरा दबले की त्याची ही हाव कमी होते.

दहा मिनिटांचा सरसकट हिशेबही पटण्याजोगा नाही. वांगे-झुकिनीचे काप सेंटीमीटरभर जाड हवेत, त्याहून पातळ काप पट्टे उमटेपर्यंत गळून जातात. टोमॅटोला दोन-तीन मिनिटे पुरतात. कांद्याचा बुडखा न काढता फोडी केल्या तर पाकळ्या सुटून जाळीतून खाली पडत नाहीत. ढोबळी मिरची मात्र सालीला फोड येऊन ती काळी पडेपर्यंत निर्धास्त भाजावी, मग पातेल्यात 10 मिनिटे झाकून ठेवावी. वाफेने सुटलेली साल बोटांनीच निघते. ती नळाखाली धुण्याचा मोह होतो खरा, पण सालीबरोबर धुरकट चवही वाहून जाते.

ड्रेसिंगसाठी तीन भाग तेलास एक भाग लिंबूरस हे नेहमीचे प्रमाण आपण दिले आहे. भाजताना भाज्यांना तेल लागलेलेच असते, तेव्हा इथे दोनास एक पुरे, असे माझे मत आहे. भाज्या कोमट असतानाच ते घातले तर आतवर मुरते. लेट्यूसची पाने मात्र भाज्या पूर्ण निवल्यावर आणि वाढण्याच्या अगदी आधी मिसळावीत. गरम काप टेकताच ती मान टाकतात.

चवीचे हे मुद्दे आवडीनिवडीवर सोडता येतील, पण ‘हे सॅलड दिवसभर टेबलावर राहिले तरी चालते’ हे कृतीतील शेवटचे वाक्य घातक आहे. भाजलेल्या भाज्या हे शिजवलेलेच अन्न असून ते फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त, आणि तापमान 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त, ठेवू नये. तेवढ्या वाक्याची दुरुस्ती येत्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक