काटेवाले काका, त्या रात्री तुम्ही जागे राहिलात

काका नमस्कार,

तुमचं नाव मला माहीत नाही. नंबर घ्यायचं त्या दिवशी सुचलं नाही आणि नंतर दोन वेळा थांबलो तर दोन्ही वेळा दिवसपाळीचा पोरगा होता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. बाघनदीच्या अलीकडे, छत्तीसगडच्या हद्दीत, रात्रीचा वजनकाटा बघणारे आमगावकडचे काका कोणी ओळखत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

मी तो बारा टायरवाला, रायपूरहून सळई भरून नाशिकला चाललेला. काट्यावर चढला आणि उतरलाच नाही तो.

त्या रात्री घर सोडून मला तेवीस दिवस झाले होते. पिंपळगावहून कांदा भरून कोलकात्याला गेलो, तिथं खाली व्हायला तीन दिवस, मग रायपूरचा माल, मग रायपूरजवळच्या सिलतऱ्याला सळईसाठी नंबर लावून पडून राहायचं, आणि शेठ रोज फोनवर उद्या भरेल उद्या भरेल. निघालो तेव्हा झोप येत होती असं पण नाही हो. झोप आली की ड्रायव्हरला कळतं, तोंडावर पाणी मारतो, चहा घेतो, गाडी बाजूला लावतो. हे वेगळंच होतं. हात स्टेअरिंगवर, पाय बरोबर क्लचवर, पण मी कुठंच नाही. राजनांदगावचा एवढा मोठा उड्डाणपूल कधी आला कधी गेला मला आजपण आठवत नाही. त्याच्या आधी आठ-दहा दिवस बायकोचा फोन आला तरी उचलावासा वाटत नव्हता, पोरगी बोलायला लागली की चिडचिड व्हायची, आणि ठेवला की स्वतःचाच राग यायचा. माझा मेहुणा कंपनीत आहे, तो आता म्हणतो याला बर्नआउट म्हणतात. असेल. आमच्यात याला माज म्हणतात, नाहीतर कामचुकारपणा.

बॉर्डरला ओव्हरलोडचं लफडं नको म्हणून काटा करायला गाडी चढवली. वजन झालं, तुम्ही खिडकीतून हात केला, मागचा हॉर्न मारतोय, आणि मला गिअर टाकायचं सुचेना. हात लिव्हरवर होता. पुढं काय करायचं असतं तेच गेलं डोक्यातून, तेरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाच्या.

तुम्ही बाहेर आलात. मला वाटलं आता शिव्या. तुम्ही पायदानावर चढून माझ्याकडं बघितलं आणि म्हणालात, "काय झालं रे बाबू, गाडी काऊन नाही काढून राहिला?" मी काहीच बोललो नाही. मग म्हणालात, "सरक तिकडं." आणि स्वतः बसून गाडी काट्यावरून उतरवून झाडाखाली लावली. गिअर कसा टाकला त्यावरनंच कळलं की तुम्ही पण एकेकाळी या लाईनला होता.

तुमच्या ऑफिसातल्या खाटेवर मला झोपवलं. मी म्हटलं नको, गाडीतच पडतो, चोर डिझेल काढतात. तेव्हा तुम्ही जे बोललात ना काका ते मला पाठ आहे. "तू झोप ना बाप्पा, मी जागा आहो."

हे लाईनबाहेरच्या माणसाला समजणार नाही म्हणून सांगतो. ड्रायव्हर कधी पूर्ण झोपत नाही. एक कान टाकीकडं, एक कान ताडपत्रीच्या दोरीकडं. पूर्वी क्लीनर असायचा, दुसऱ्या राज्यांत जाणाऱ्या नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर लागायचे, एक झोपला की दुसरा जागा. ती दोन ड्रायव्हरची अट २०१८ ला सैल झाली, क्लीनर तर पगार परवडत नाही म्हणून आधीच गेले, आणि आता बारा टायरच्या गाडीत एकटा माणूस. मग जागं कोण राहणार? त्या रात्री तुम्ही राहिलात.

तुम्ही काट्याची पावती उलटी करून पेनानं लिहिलंत, "झोपला २.४०, उठवणे ८", आणि माझ्या उशाशी ठेवलीत. मी उठून घाबरू नये, किती वाजले आणि कोणी उठवणार आहे की नाही ते कळावं म्हणून. ती पावती माझ्या लायसनच्या कव्हरमध्ये आहे. पुढच्या बाजूचं वजन उडून गेलं, तो कागदच तसला असतो, पण मागचं तुमचं अक्षर आहे तसंच आहे.

आणि चार-साडेचारला शेठचा फोन आला. मी अर्धवट जागा झालो, उठायला अंगात जोर नव्हता. तुम्ही माझा फोन उचललात. "ड्रायव्हर झोपला आहे. उठल्यावर बोलन." तिकडून आवाज चढला, मला खाटेवर ऐकू येत होता. तुम्ही आवाज न चढवता परत तेच, "झोपला आहे म्हटलं ना. गाडी माह्या काट्यावर उभी आहे, मी जागा आहो." आणि ठेवून दिलात.

काका, माझ्या वतीनं कोणी तरी "ड्रायव्हर झोपलाय" एवढं सांगितलं, हे तेरा वर्षांत पहिल्यांदा. तोंड भिंतीकडं करून रडलो मी. तुम्हाला दिसलं असणार, पण तुम्ही दाखवलं नाही.

याच शेठला मी तीन फेऱ्या आधी दोन दिवस मागितले होते. मला म्हणाले गाडीचा हप्ता सुट्टी घेत नाही. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला, सरकार दोनशे किलोमीटरला एक दिवस धरतं, म्हणजे रायपूर ते नाशिक पाच दिवसांची मुदत, आणि ऑफिसातून दुसऱ्या दिवशीच संध्याकाळी विचारणार, कुठं मेला? ड्रायव्हरला दिवसाला आठच तास काम, हा कायदा १९६१ पासून आहे, आमच्यातल्या कितीजणांना माहीत आहे विचारा. जानेवारीत रस्ता सुरक्षावाले टोलवर थांबवतात, डोळे तपासतात, गुलाबाचं फूल देतात, फोटो काढतात. चांगलं आहे, पण घरी शेवटचा कधी गेलास हे एकानं विचारलेलं मला आठवत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केली, त्याचा मला आनंदच आहे, नागपूरच्या मे महिन्यात केबिनमध्ये बसून बघा म्हणजे कळेल. पण गार हवेत पण माणूस एकटाच असतो ना.

तुम्ही आठला उठवलंत, चहा दिलात आणि विचारलंत, घरी कोण कोण. मी म्हटलं बायको, आई, एक पोरगी. कितवीत आहे पोरगी? मी म्हटलं पहिलीत. मग म्हटलं नाही, दुसरीत असेल. तुम्ही हसला नाहीत. माझा फोन माझ्या हातात दिलात, "विचारून घे," म्हणालात, आणि काट्यावर गाडी नसताना बाहेर जाऊन उभे राहिलात. पाऊण तास बोललो मी घरी. बायकोला पहिल्यांदा सांगितलं की माझ्याच्यानं होत नाहीये. ती म्हणाली, मला माहितीये, तुम्ही सांगायची वाट बघत होते.

ती गाडी खाली करून चावी दिली शेठला. आता दुसरीकडं आहे, नाशिक ते रायपूर एवढीच लाईन, एक फेरी झाली की तीन दिवस घरी. पैसे कमी मिळतात, हप्त्याची ओढाताण आहे, खोटं कशाला सांगू. पण मागच्या महिन्यात पोरीला शाळेत सोडायला गेलो तर तिनं मला तिचा बेंच दाखवला, खिडकीजवळचा. तिसरीत गेली ती आता.

तुम्ही माझ्याकडनं काट्याचे सोडून एक रुपया घेतला नाहीत. चहाचे पण नाही. अशी माणसं रस्त्यावर आहेत म्हणून आमच्यासारखे घरी पोचतात, आणि अशा माणसांचा कोणी सत्कार पण करत नाही.

परवा येताना आमच्या वावरातल्या लाल कांद्याची एक गोणी दिवसपाळीच्या पोराकडं ठेवलीय, नाही म्हणू नका. आईनं मुद्दाम निवडून भरलीय. आणि त्याच्याकडंच एका कागदावर माझा नंबर लिहून दिलाय, रात्री कधी पण फोन करा.

तुमचा,
बारा टायरवाला, चांदवड