एमओटीचा इतिहास वाचायला शिकवणाऱ्या दादांना

दादांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला समोरासमोर आभार मानलेले चालत नाहीत. लगेच "चहा घेणार काय?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. आणखी एक कारण आहे. शेफिल्डमध्ये नव्याने आलेली आपली मंडळी जुनी टूरिंग बाइक, म्हणजे लांब पल्ल्याची मोटरसायकल, घ्यायचं मनात आलं की मला विचारतात. मी त्यांना जे सांगते ते सगळं तुमचं आहे, ते तुमच्याच खात्यावर जमा झालेलं बरं. नाव लिहीत नाही. एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, तुम्ही करता त्या गॅरेजमध्ये येणारे ओळखतीलच.

साताऱ्याला आमच्या घरच्या स्कूटरला पीयूसी सोडलं तर दरवर्षी कुणी काही विचारत नसे. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. तोवर ब्रेक, टायर, दिवे सगळं मालकाच्या मर्जीवर. ब्रिटनमध्ये १९६० सालापासून एमओटी ही सक्तीची तपासणी आहे, आणि आता गाडी तीन वर्षांची झाली की ती दरवर्षी करावी लागते. त्यामुळे विक्रीच्या जाहिरातीत "पूर्ण वर्षाची एमओटी" हे वाक्य ठळक अक्षरात असतं. तुम्ही ते वाचून हसलात आणि म्हणालात, "सिस्टर, हा कागद फक्त त्या दिवसाचा. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कोण बघतंय?"

मग तुम्ही सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकलात. २००५ पासूनच्या तपासण्यांची नोंद तिथे कुणालाही फुकट बघता येते, हे इथल्या कित्येक जणांना अजून ठाऊक नाही. माझ्या मनात भरलेली गाडी एका डीलरकडे होती. काचेसारखी चकचकीत, आणि दरवर्षी पहिल्याच फेरीत पास. तुम्ही 'पास' या शब्दाकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. पास करूनही टेस्टर खाली बारीक अक्षरांत लिहितो त्या सूचना वाचल्यात. कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलच्या बेअरिंगमध्ये, किंचित खेळ. मागची डिस्क झिजत आलेली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आणि दोन तपासण्यांमध्ये गाडी जेमतेम दीड-दोनशे मैल चाललेली. "ही नुसती उभी असते, आणि मालक सांगितलेलं काही करत नाही," एवढं बोलून तुम्ही पान बंद केलंत.

दुसरी गाडी होंडा पॅन युरोपियन, एसटी ११००. ७८ हजार मैल, म्हणजे सव्वा लाख किलोमीटर झालेली, आणि इतिहासात दोनदा चक्क नापास! मी तर ती बादच केली होती. तुम्ही मात्र तिथेच रेंगाळलात. पहिल्यांदा नापास झाली ती हेडलाइटच्या झोतामुळे, ऑगस्टअखेर. तुम्ही लगेच ताडलंत, की हा माणूस उन्हाळ्यात फ्रान्सकडे जाऊन आलाय. तिकडे उजव्या बाजूने चालवायचं, म्हणून दिव्यावर पट्टी चिकटवतात. परत आल्यावर ती काढायची राहिली, आणि झोत चुकीच्या बाजूला गेला. दुसऱ्यांदा पुढच्या ब्रेकचा कॅलिपर अडकत होता. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पिस्टन धरतात, म्हणजे हिवाळ्यातही गाडी वापरात होती. दोन्ही वेळा त्याच आठवड्यात पास. आणि महत्त्वाचं म्हणजे एकदा आलेली सूचना पुढच्या वर्षी कधीच नाही. टायर मर्यादेजवळ आलाय असं लिहिलं, की पुढच्या नोंदीत ते गायब. मैल दरवर्षी सारख्या चालीने वाढलेले. २०२० मध्ये मात्र काही महिन्यांचं अंतर दिसलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तेव्हा करोनामुळे सरकारनेच मोटारी आणि मोटरसायकलींच्या एमओटीला सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती, हेही तुम्हीच सांगितलंत.

दोन नापास शेरे असलेली गाडी मी घेतली ती अशी.

त्यानंतर तपासणी करताना तुम्ही मला उभं राहू देता, हे दुसरं शिक्षण. गाडी सेंटर स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून कोनसेट, मग फोर्कचे सील, चाकांची बेअरिंग, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म. या गाडीला शाफ्ट आहे, त्यामुळे चेन आणि स्प्रॉकेटचा प्रश्नच नाही, नापास व्हायचं एक कारण तिथेच कमी. पोलीस आणि कुरियरवाले ही गाडी उगाच वापरत नव्हते. टूरिंगवाल्यांना छोटी नंबर प्लेट नाही तर 'रस्त्यासाठी नाही' असा शिक्का असलेला सायलेन्सर लावून नापास व्हायची हौसही फारशी नसते. एरवीसुद्धा मोटरसायकली मोटारींपेक्षा पहिल्या फेरीत जास्त पास होतात. ज्या अडकतात त्यांत दिव्यांची भानगड सर्वांत मोठी, म्हणजे घरून निघण्याआधी पाच मिनिटांत बघता येईल अशी.

पण तुम्ही 'पास'चं कौतुक करू देत नाही. टायरला रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात एक मिलिमीटर नक्षी असली की कायद्याचं समाधान होतं. ब्रेकचं तसंच, एकाची ३० टक्के क्षमता, दुसऱ्याची २५. एक मिलिमीटर नक्षीवर पावसात शेफिल्डजवळचा स्नेक पासचा घाट उतरून बघावा कुणीतरी! टूरिंग गाडीचा मागचा टायर मोटरवेवर सरळ पळून मधोमध चपटा होतो. तो पास होतो, वळणावर मात्र रडवतो. शिवाय टेस्टरला काही उघडायची मुभा नाही. एवढ्या मोठ्या फेअरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. एसटी ११०० च्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, आणि तो कधी बदललाय हे कुठल्याही एमओटीवर सापडणार नाही. बेल्टची पावती जुन्या मालकाकडून मागून घ्यायला तुम्ही लावलंत, आणि ती त्याच्या फायलीत नीट लावलेली निघाली, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मान डोलावलीत.

माझ्या गाडीला तुम्ही ओळखीची सवलत कधी दिली नाहीत, त्याबद्दल खास आभार. मागच्या खेपेला सायलेन्सरच्या जोडावर गंज धरतोय असं लिहिलंत. वॉर्डात आम्ही रुग्णाच्या चार्टवर खाडाखोड करत नाही, तसे तुम्ही. तो जोड मी बदलून घेतला आहे.

पुढच्या महिन्यात मुदत संपतेय. महिनाभर आधीपर्यंत तपासणी केली तरी पुढची तारीख तीच राहते, म्हणून शनिवारीच येते. मागचा टायर नवा टाकलाय. मोटरसायकलची कमाल फी २९.६५ पौंड आहे. ती पूर्ण घ्या, गेल्या वर्षी कमी घेतलीत ते मी पाहिलंय. वहिनींसाठी साताऱ्याहून आलेले कंदी पेढे ठेवलेत, ते फीमध्ये धरायचे नाहीत.

तुमची,
सिस्टर