तलत महमूद आणि बडबडगीतं

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, तलत महमूद संपला की फोन आपोआप बडबडगीतं लावतो, ही तुमची तक्रार ऐकून इथे सगळे खूप हसलो. दोष फोनचा नाही, तुमच्या नातवाचा. सुट्टीत जेवताना तो तुमच्याच फोनवर गाणी लावून बसायचा. ॲपच्या हिशेबी ती तुमचीच आवड. कुठलं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, कुठलं मध्येच बदललं, सगळ्याची ते नोंद ठेवतं आणि तसंच ऐकणाऱ्या इतरांची गाणी तुमच्यापुढे आणतं. आता तलत आणि चिऊताई दोन्ही आवडणारा दुसरा माणूस त्याने आणायचा कुठून?

पण ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे अर्धंच खरं हं. १९५२ साली केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीचं दार सिनेसंगीताला जवळजवळ बंद झालं, म्हणून तर घरोघरी सुई रेडिओ सिलोनकडे वळली. तिथल्या बिनाका गीतमाला कार्यक्रमामागे पैसा टूथपेस्टवाल्यांचा, आणि गाण्यांचा क्रम लागायचा रेकॉर्डच्या खपावर नि श्रोता संघांच्या पत्रांवर. आकडेमोड तेव्हाही होतीच. फक्त गीतमालेच्या निवेदकाचं, अमीन सायानींचं, उत्तर बुधवारी रात्री आठला सगळ्यांना एकच मिळायचं, आता ज्याचं त्याला वेगळं.

मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तुम्हाला गाणं बदलता यायचं नाही! आवडतं लागेपर्यंत नावडती ऐकावी लागायची, आणि त्यातलंच एखादं डोक्यात बसायचं. आई, तुझी अर्धी वही तशीच भरली ना? कडव्यातले शब्द निसटले की जागा मोकळी सोडायचीस आणि पुन्हा कधी ते गाणं लागलं की भरायचीस. आता स्पॉटिफायवर तीस सेकंदांच्या आत गाणं बदललं तर ते ऐकणं मोजलंच जात नाही. मग सुरुवातीला सतार नि व्हायोलिन लांबवत बसायला कोण धजेल? बाबा, नवी गाणी तुम्हाला घाईची वाटतात ते उगाच नाही.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा, आणि नातवाला फोन देताना आईचा द्या. शिवाय दर रविवारी मी एक नवं गाणं पाठवणार आहे. ते मध्येच बदलायचं नाही. पूर्ण ऐका, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला.

तुमची,
मीनू