शांता आपटे फक्त ‘गाणारी नायिका’ नव्हत्या

मा. संपादक,
हिंदी-मराठी सिनेमातल्या स्टुडिओच्या जमान्याची आठवण निघाली की प्रभात, बॉम्बे टॉकीज, न्यू थिएटर्स या चित्रपट कंपन्या आणि त्यांच्या दिग्दर्शकांवर भरभरून लिहिले जाते. शांता आपटे यांच्या वाट्याला मात्र ‘गोड गळ्याची नायिका’ एवढीच ओळ येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१९३७च्या ‘कुंकू’मधली नीरा आठवा. वयस्क विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली ही मुलगी रडत बसत नाही, त्याला नवरा मानायलाच नकार देते. त्या चित्रपटात पार्श्वसंगीताचा आधार जवळजवळ नाही, त्यामुळे तिचा राग नुसत्या आवाजातून आणि नजरेतून पोहोचतो. इतका सरळ, न नटवलेला अभिनय त्या काळात दुर्मीळच होता.

पडद्याबाहेरही त्या तशाच होत्या. तेव्हा कलाकार म्हणजे कंपनीचे पगारी नोकर, करारात बांधलेले. १९३९मध्ये प्रभातशी वाद झाला तेव्हा त्यांनी पुण्यात स्टुडिओच्या दारातच उपोषण केले. एका तरुण अभिनेत्रीने बलाढ्य कंपनीसमोर असे बसायचे, याला केवढे धैर्य लागले असेल! पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्याचे आतले रूपही त्यांनी मांडले.

नंतर १९४१च्या तमिळ ‘सावित्री’त त्या नायिका होत्या आणि नारदाच्या भूमिकेत कर्नाटक संगीतातल्या थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९६४ साली, पन्नाशीही गाठण्याआधी, त्या गेल्या. त्यांच्या कारकिर्दीवर आपल्या रविवार पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक चित्रपटप्रेमी वाचक