नोटीस चिकटवण्याआधी उपविधी उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट उजाडला की सोसायट्यांमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेची धांदल सुरू होते, कारण ३१ मार्चला संपलेल्या वर्षाची सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. याच सभांमध्ये नवे नियम होतात आणि पुढचे वर्षभर त्यांवरून जिन्यात भांडणे रंगतात. बहुतेक वेळा नियम बरा असतो, फक्त तो करणाऱ्याला तसा अधिकार नसतो.

अधिकाराची उतरंड अशी आहे: सगळ्यात वर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेले स्वतंत्र प्रकरण. त्याखाली कलम ७९अ अन्वये निघालेले शासनाचे आदेश, मग आपल्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी (म्हणजे संस्थेची नियमावली), त्याखाली सर्वसाधारण सभेचा ठराव आणि तळाशी व्यवस्थापन समितीचा निर्णय. खालच्याने वरच्याला छेद दिला की सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात तो टिकत नाही, मग सभेत सगळ्यांनी हात वर केलेले असोत. पंप कधी सुरू करायचा, कचरा कुठे ठेवायचा, सभागृहाची नोंद कोणत्या वहीत करायची, एवढे समिती ठरवू शकते. सभासदाच्या बिलात एक रुपयाही नव्या नावाने चढणार असेल तर तो विषय सभेपुढेच यायला हवा. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अंगठ्यांना ठराव म्हणत नाहीत.

पुण्यातल्या वाचकांसाठी एक आडवळण. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल, तर तिथे घोषणापत्र आणि त्यासोबतचे उपविधी लागू होतात. सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. शेजारच्या सोसायटीचे ‘सर्वांना समान सेवाशुल्क’ तिथे उचलून आणता येत नाही. आपण सोसायटी की अपार्टमेंट, हे अध्यक्षांनाच ठाऊक नसल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आता बिलाकडे येतो, कारण नियम सर्वांत जास्त तिथेच मोडतात. समजा बांधकाम खर्च (जमिनीची किंमत सोडून) २० लाख धरलेली सदनिका आहे. शासनाने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) वर्षाला किमान ०.२५ टक्के, म्हणजे महिन्याला ४१७ रुपये. दुरुस्ती व देखभाल निधी किमान ०.७५ टक्के, म्हणजे १,२५० रुपये. त्यात सेवाशुल्क २,२००, नळजोडांवरून ठरणारे पाणी ३५० आणि पार्किंग ३०० मिळवले की बिल ४,५१७ रुपयांचे होते. हा फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) किती? १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते फक्त सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, म्हणजे २२० रुपये. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी संगणकात पूर्ण बिलावर १० टक्के लावलेले असतात आणि ४५२ रुपये घेतले जातात. बारा महिन्यांत सुमारे २,७८० रुपये जादा, आणि ते परत मागायला सभासद आला की ‘ठराव झाला आहे’ हे उत्तर तयार. ठराव झाला असेलही, पण या शुल्काला शासनाने मर्यादा घातली आहे. घरात सभासदाचे आईवडील किंवा मुले राहत असतील तर हे शुल्क मुळात लागतच नाही. मग काही समित्या ते ‘शिफ्टिंग चार्ज’ किंवा ‘लिफ्ट वापर’ म्हणून केवळ भाडेकरूंकडून काढतात. ही पळवाट आहे आणि ती पळवाट म्हणूनच वाचली जाते. फ्लॅट विकताना संस्था घेते ते अधिमूल्यही (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका हद्दीत २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, आणि ‘स्वेच्छा देणगी’ म्हटल्याने त्यात फरक पडत नाही.

थकबाकीवरच्या व्याजाचेही तेच. उपविधी सरळ व्याज सांगतात, जास्तीत जास्त २१ टक्के, आणि दर सभेने ठरवायचा. दहा हजारांच्या थकबाकीवर वर्षाचे व्याज २,१०० रुपये. सॉफ्टवेअरमध्ये मुद्दल आणि व्याज एकाच ‘मागील बाकी’च्या रकान्यात गेले की पुढच्या महिन्यापासून व्याजावर व्याज चढू लागते आणि तोच आकडा वर्षअखेर २,३१४ वर जातो. दोन रकाने वेगळे ठेवणे हा यावरचा सगळा उपाय. थकबाकी वसुलीसाठी कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे अर्ज केला की तिथे पहिल्यांदा खातेउतारा आणि व्याजाचा ठराव पाहिला जातो. पाणी तोडण्याचा अधिकार मात्र उपविधींनी समितीला दिलेला नाही.

फ्लॅटमधल्या दुरुस्तीचा नियम कसा लिहावा, हे जरा तपशिलात सांगतो. नोटीस बोर्डावर साधारण असे वाक्य असते: ‘फ्लॅटमधील काम करताना इतरांना त्रास होऊ नये.’ यातून काहीच अमलात आणता येत नाही. त्रास कोणाला, किती आणि तो ठरवणार कोण? खरे नुकसान बाथरूमच्या कामात होते. जुनी फरशी उखडताना खालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग फुटते, नहाणी ट्रॅपचा (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा हलतो. लगेच काही दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी खालच्या घराच्या छताला पिवळा डाग येतो, तोवर ठेकेदार पैसे घेऊन गेलेला असतो. नियमाने हा क्षण पकडायला हवा. म्हणून तो असा असावा: लेखी अर्जासोबत कामाचा आराखडा आणि ठेकेदाराचे नाव, खांब, तुळई व स्लॅबला हात नाही, तोडफोड सोमवार ते शनिवार सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६, राडारोडा गोणीत भरून ४८ तासांत बाहेर, नवीन फरशी बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरून ते ४८ तास तसेच ठेवायचे आणि खालच्या सभासदाने समितीच्या एका सदस्यासह छत पाहून नोंदवहीत सही करायची. परतीची अनामत ठेवायची असेल तर रक्कम सभेने ठरवावी, पावती द्यावी, आणि काम संपल्यावर किती दिवसांत परत मिळेल हेही ठरावातच लिहावे. ही शेवटची ओळ नसेल तर अनामत अडकते आणि पुढचा सभासद न विचारताच काम सुरू करतो.

दंडाबद्दल गैरसमज फार. आदर्श उपविधींत दंडाची तरतूद आहे, पण तो सर्वसाधारण सभेने ठरवायचा, आधी कारणे दाखवा नोटीस द्यायची, सभासदाचे म्हणणे ऐकायचे, आणि एका आर्थिक वर्षात तो ५,००० रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला दिवसाला हजार रुपये लावणाऱ्या समित्या पाचव्या दिवशी ही मर्यादा गाठतात, आणि नोटीस न देता लावलेला दंड तर पहिल्याच दिवशी कच्चा असतो. पार्किंगचा तिढा दंडाने सुटतही नाही. जागा गाड्यांपेक्षा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात, एका सभासदाला एक जागा द्यावी आणि उरल्या तरच दुसरी. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालची खांबांमधली जागा) बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखाली सांगितले होते. तरीही ‘आम्ही विकत घेतलंय’ हा वाद सभेत दरवर्षी उगवतो.

अविवाहितांना घर देऊ नये, या ठरावाला उपविधींत आधार नाही. नोंदणीकृत करारनाम्याची प्रत आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची पोच मागा, तेवढे पुरे. कुत्रा पाळण्यावरही भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बहुमताने बंदी घालता येत नाही, लिफ्टमध्येही नाही. पट्टा बांधावा, घाण मालकाने उचलावी, असे मात्र जरूर सांगावे.

हे सगळे करायचे तर सुरुवात सभेच्या सूचनेपासून करावी लागते. वार्षिक सभेला १४ पूर्ण दिवसांची सूचना लागते. सूचनेचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. सभा २० सप्टेंबरला असेल तर सूचना ५ तारखेपर्यंत सभासदांच्या हातात पडली पाहिजे. नुसता ‘नियमांबाबत चर्चा’ असा विषय न लिहिता ठरावाचा पूर्ण मसुदा सोबत जोडावा. उपविधी दुरुस्ती ‘ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’ यात घुसवता येत नाही. तिच्यासाठी जुना मजकूर, नवा मजकूर आणि कारण असा तीन रकान्यांचा तक्ता करावा. हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश सभासदांची मंजुरी घ्यावी, मते मोजून आकडा इतिवृत्तात लिहावा, आणि सभेपासून दोन महिन्यांच्या आत प्रस्ताव उपनिबंधक कार्यालयात द्यावा. तिथे नोंदणी होईपर्यंत जुनाच उपविधी लागू राहतो, त्यामुळे सभेच्या दुसऱ्या दिवशी नवा नियम लिफ्टजवळ लावण्याची घाई करू नये.

आपला,
एक वाचक, ठाणे