तळमजल्यावरच्या काकूंना, घेवड्याच्या सूपबद्दल

काकू, तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल, गप बैस" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. रागावलात तरी चालेल.

आईचे उरलेसुरले अकरा दात एकदम काढावे लागले तेव्हा दवाखान्यात सांगितलं की हिरड्या भरल्या की कवळी करू, तोपर्यंत पातळ आणि पौष्टिक द्या. पौष्टिक म्हणजे काय विचारलं तर एक झेरॉक्स हातात दिली, त्यात ब्रोकोली, झुकिनी, क्विनोआ आणि कसलीशी महागडी पावडर. मी आईला मोबाईलवर झुकिनी दाखवली तर म्हणते, काकडीच आहे की ही. परत जाऊन विचारलं की घरातलं काय चालेल, तर कागदावरून नजर न उचलता "त्यात सगळं लिहिलंय". बरं. नातेवाईकांच्या ग्रुपवर म्हणाल तर सूप दे, सूप दे, सूप दे आणि हात जोडलेले इमोजी, पण एकाने वाटीभर आणून दिलं असेल तर शपथ. पाकिटातलं सूप आणलं, मागे वाचलं तर कॉर्नफ्लोअर, मीठ, साखर, आणि आईला बीपी. वजन ५२ वरून ४७ वर आलं आणि मी रोज नुसतं भाताच्या पेजेवर भागवतोय.

मग मी हुशारी केली. घेवडा दोनच तास भिजवला, दोन शिट्ट्या काढल्या, दाणा आत टणकच होता तरी मिक्सरला फिरवला आणि दिला. त्या रात्री आम्ही दोघं आळीपाळीने बाथरूममध्ये. दुसऱ्या दिवशी तुम्ही जिन्यात विचारलंत चेहरा असा का, आणि मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं, तेव्हा तुम्ही आधी मला झापलंत (घेवडा, राजमा अर्धाकच्चा पोटात घालायचा नसतो एवढं कळत नाही का तुला) आणि मग संध्याकाळी स्टीलचा डबा घेऊन वर आलात.

डब्यात माहेरचा वाघ्या घेवडा, अंगावर रेघोट्या असलेला. साताऱ्याकडच्या कोरेगावच्या त्या घेवड्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हे मला नंतर कळलं, तुमच्या लेखी तो "भावाने पाठवलेला" एवढाच. रात्रभर भिजत घातलात, सकाळी ते पाणी ओतून दिलंत, कुकरमध्ये इतका शिजवलात की दोन बोटांत दाबला की पीठ. टोमॅटो मी आधीच टाकायला निघालो तर हातावर चापट, आंबट आधी पडलं की दाणा लवकर शिजत नाही. मग लाल भोपळा, गाजर, दुधी, थोडा कोबी. कॉर्नफ्लोअर लागलंच नाही, घेवड्याचाच दाटपणा पुरला. वरून तूप-जिऱ्याची फोडणी, लसणाची एक पाकळी, मीठ बेताचं.

हे सगळं कुणीही सांगितलं असतं हो. पण मिक्सरमधून काढल्यावर मी वाटीत ओतणार तेवढ्यात तुम्ही थांबवलंत, खाली जाऊन पुरणयंत्र घेऊन आलात आणि ते सगळं त्यातून काढलंत. साली वर राहिल्या. "टाक्यात सालीचा तुकडा अडकला की काय होतं ते मला विचार." त्या झेरॉक्समध्ये हे नव्हतं.

आणि मग तुम्ही आईसमोर बसलात. आई तेव्हा कुणासमोर जेवत नव्हती काकू, माझ्यासमोरसुद्धा नाही, सारखा पदर तोंडावर. तुम्ही शांतपणे स्वतःची कवळी काढलीत, पाण्याच्या वाटीत ठेवलीत आणि दुसरी वाटी ओढून म्हणालात, "चला वहिनी, दोन बोळकी मिळून पिऊ." आई बघतच राहिली, मग हसली, पदर खाली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच ओटा पुसत बसलो.

कॉलनीत एवढी शिकलेली माणसं आहेत, मी पण त्यातलाच, आणि आम्हा कुणाला हे सुचलं नाही. सल्ला द्यायला काय लागतं, पण स्वतःचे दात काढून शेजारी बसायला वेगळंच काळीज लागतं, आणि त्याचा तुम्हाला पत्ताही नव्हता, तुम्ही वाटी विसळून "उद्या पालक घालून बघ" म्हणत निघून गेलात.

आई आता ४९ वर आहे. कवळीचं माप परवा घेतलं. रोज रात्री मी घेवडा भिजत घालतो, कधी चवळी, कधी मूग, आणि आई ओट्यापाशी उभी राहून माझ्या चुका काढते, म्हणजे बरी आहे.

तुमचं पुरणयंत्र अजून आमच्याकडेच आहे. होळीच्या आत आणून देतो. आई म्हणते भांडं रिकामं परत करायचं नसतं, तेव्हा त्यात काय घालून आणू ते सांगा, फक्त पुरण सांगू नका, ते मला येत नाही.