दात दुखण्याआधी दंतवैद्य सापडला पाहिजे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र एकाच मागणीसाठी लिहीत आहे. जवळचा दंतवैद्य कुठे बसतो, कोणत्या दिवशी असतो आणि त्याच्याकडे नेमके कोणते उपचार होतात, हे कोणत्याही वस्तीतल्या माणसाला एका ठिकाणी, खात्रीने आणि दात दुखायला लागण्याच्या आधी कळावं, अशी व्यवस्था आपल्या खात्याने करावी. मागणी किरकोळ वाटेल. पण ती पुरी करायला घेतली, की दातांच्या बाबतीत आजवर काय काय राहून गेलं ते खात्याच्याच समोर येईल, म्हणून सुरुवात इथून व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आज दंतवैद्य शोधायची रीत सगळ्यांना माहीत आहे. दाढ रात्रभर ठणकते, सकाळी गाल सुजलेला असतो, मग शेजारीपाजारी विचारपूस सुरू होते आणि जो आधी सापडेल त्याच्या खुर्चीत माणूस जाऊन बसतो. त्या अवस्थेत कुणी नोंदणी विचारत नाही, पर्याय विचारत नाही, खर्च विचारायचंही सुचत नाही. काढून टाका पण दुखणं थांबवा, एवढंच तोंडातून निघतं. बऱ्याचदा वाचू शकला असता असा दात त्या दिवशी जातो, आणि दंतवैद्याची जन्माची धास्ती घेऊन माणूस घरी परततो. पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येतो.

यात लोकांचा दोष किती, हे ठरवताना हा आजार कसा वाढतो ते बघावं लागतं. दाताच्या वरच्या आवरणाला, इनॅमलला, नसा नसतात. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. लाळ हे नुकसान भरून काढत असते, पण दिवसभर थोडं थोडं गोड तोंडात जात राहिलं तर लाळेला उसंत मिळत नाही. सुरुवातीला दातावर खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइड मिळालं आणि वारंवार गोड खाणं थांबलं, तर तो डाग तिथेच थांबतो, कधी भरूनही येतो, ड्रिल लावावं लागत नाही. पृष्ठभाग कोसळून खड्डा पडला आणि कीड इनॅमलखालच्या मऊ थरात, डेंटिनमध्ये, शिरली की थंड-गोडाची कळ येते. आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्रीचा ठणका सुरू होतो. थोडक्यात, माणूस दंतवैद्य शोधायला बाहेर पडतो तेव्हा आजार बहुतेक शेवटच्या टप्प्यावर आलेला असतो.

मुलांच्या बाबतीत तर एक दाढ घरोघरी नजरेतून सुटते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. तिला दुधाचीच समजतात, आणि दुधाचे दात काय, पडणारच आहेत, म्हणून तिच्या किडीकडेही काणाडोळा होतो. तिच्या माथ्यावर अरुंद, खोल खाचा असतात. ब्रशचा केससुद्धा तळापर्यंत पोचत नाही. त्या खाचा सीलंटने, म्हणजे दातावर घट्ट बसणाऱ्या पातळ लेपाने, बंद करायला काही मिनिटं पुरतात, सुई लागत नाही, मूल रडत नाही. फक्त दाढ नुकती वर आलेली असताना कुणीतरी त्या मुलाचं तोंड उघडून बघायला हवं. ते वेळेवर कोण बघणार, हा प्रश्न उरतोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. त्यांपैकी साधारण २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे या संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, मौखिक आरोग्यावर ठराव केला. त्यातून आलेल्या २०२३ ते २०३० च्या कृती आराखड्यात, २०३० पर्यंत जगातल्या ८० टक्के लोकांना मूलभूत मौखिक आरोग्यसेवेचा हक्क मिळावा, असं उद्दिष्ट आहे. हक्क घोषित होईल, पण त्या हक्काची खुर्ची कुठे आहे हेच माहीत नसेल तर माणूस तो बजावणार कसा?

आता त्या व्यवस्थेबद्दल, म्हणजे दंतवैद्यांच्या यादीबद्दल. नाव, पत्ता आणि फोन एवढ्यावर ती थांबू नये. मी पाहिलेल्या एका सरकारी दवाखान्यात दारावर दंतविभागाची पाटी होती, आत खुर्ची होती, डॉक्टरही होते. कॉम्प्रेसर बंद होता. ड्रिल दाबाच्या हवेवर फिरतं. हवा नाही तर ड्रिल नाही, ड्रिल नाही तर भरणं नाही, रूट कॅनाल नाही. दात उपटायच्या चिमट्याला मात्र वीज लागत नाही. त्या खोलीत दिवसभर येईल त्या प्रत्येकाचा दात काढला जात होता किंवा गोळ्या देऊन पाठवलं जात होतं. ट्रेवर चिमटे ओळीने मांडलेले होते, आणि भरायच्या सिमेंटची बाटली कपाटात बंद. डॉक्टर बाई म्हणाल्या, मला दात वाचवायला शिकवलंय. त्यांच्या आवाजातली खंत मला अजून आठवते. सरकारी नोंदीत हे केंद्र ‘दंतसेवा उपलब्ध’ असंच गेलं असणार.

म्हणून यादीत हे लिहिलेलं असावं: खुर्ची चालू आहे का, एक्स-रे निघतो का, भरणं, स्केलिंग (दात साफ करणं), रूट कॅनाल, कवळी यांपैकी काय होतं, डॉक्टर कोणत्या वारी कोणत्या वेळेत असतात, चाकाची खुर्ची आत जाते का, लहान मुलांना आणि अपंगांना बघतात का. खाजगी दंतवैद्यांची नावं त्यांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे असतातच. नोंदणी चालू आहे का हे तिथूनच जोडून दाखवता येईल, म्हणजे दात बसवणारा कुणीही डॉक्टर म्हणून खपणार नाही. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी हीच यादी फोनवर वाचून सांगणारं कुणीतरी माणूस असावं, शाळेच्या आणि दवाखान्याच्या फलकावर ती छापून लावावी.

दंतवैद्य निवडताना काय विचारायचं, हेही खात्यानेच लोकांना सांगायला हवं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. एक्स-रे मला दाखवाल का? हा दात काढण्याशिवाय दुसरा मार्ग आहे का? आजच केलं नाही तर काय होईल? एकूण खर्च आधी लिहून द्याल का? हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक करून बंद पाकिटात ठेवलेली असतात. ते पाकीट माझ्यासमोर उघडाल का? चांगल्या दंतवैद्याला हे प्रश्न खटकत नाहीत. प्रत्येक दवाखान्यात ते भिंतीवर लावले, तर विचारणाऱ्याला संकोच वाटणार नाही.

माझ्या आईला मधुमेह आहे. तिची रक्तातली साखर नियमित तपासली जाते, डोळे तपासले जातात, पायाचे तळवे बघितले जातात. तोंड उघडा, असं मात्र तिला कधी कुणी म्हटलं नाही. हिरड्यांतून रक्त यायचं, ते वयोमानाने येतं असं तिला वाटायचं. पुढचे दात हलायला लागले तेव्हा आम्ही दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी खुणांची बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत घातली आणि मिलिमीटर मोठ्याने सांगत गेले: तीन, तीन, सहा, सात. सहायक मुलगी लिहून घेत होती. तीनपर्यंतचा आकडा सहसा निरोगी हिरडीचा. त्यापुढे आकडा जसा वाढतो तसं दाताला धरून ठेवणारं हाड झिजत गेलेलं असतं. मधुमेहामुळे हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या सुजेमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. तरी आईच्या मधुमेहाच्या तपासणीच्या कागदावर तोंडासाठी एक ओळ नाही. ती ओळ घालायला आपल्या एका आदेशाखेरीज काही लागणार नाही. दात साफ केल्याने सैल होतात, हा समजही त्याच वेळी दूर करता येईल. टार्टर, म्हणजे दातांवर साचून कडक झालेला थर, निघाल्यावर त्याने झाकलेली फट दिसते, आणि हाडाचा आधार आधीच गेलेला दात हलताना जाणवतो, इतकंच.

जिथे दंतवैद्य नाही तिथे यादी काय कामाची, असं खात्यातले अधिकारी म्हणतील. माझं म्हणणं, रिकामी जागासुद्धा यादीत दिसू द्या. ती दिसली की तिथे काय करता येईल हा प्रश्न तरी उभा राहील, आणि करता येण्यासारखं पुष्कळ आहे. न्यूझीलंडने १९२१ मध्ये शाळकरी मुलांच्या दातांसाठी खास दंतपरिचारिकांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. स्कॉटलंडमध्ये चाइल्डस्माइल कार्यक्रमात बालवाड्यांतून मुलांकडून रोज देखरेखीखाली दात घासून घेतात. त्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा टळलेल्या उपचारांचा खर्च जास्त निघाला. टांझानियात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत मऊ झालेली कीड हातातल्या अवजाराने खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. ना वीज लागते, ना कॉम्प्रेसर. हे सिमेंट, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या तिन्ही गोष्टी २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सिल्व्हर डायअमाइनचा थेंब किडलेल्या जागी लावला की कीड बहुतेक वेळा थांबते. ती जागा काळी पडते, आणि हे आईवडिलांना आधीच सांगावं लागतं, नाहीतर ते घाबरतात. आपल्या खात्याच्या औषधखरेदीत या तीन गोष्टी आहेत का, एवढं कृपया तपासून घ्यावं.

दंतवैद्य न मिळाल्याने आणखी एक नुकसान होतं. ठणकणारी दाढ घेऊन माणूस जनरल डॉक्टरकडे किंवा थेट औषधाच्या दुकानात जातो आणि अँटिबायोटिक घेऊन येतो. दाताच्या आतली नस सुजल्यामुळे होणारी वेदना अँटिबायोटिकने जात नाही. दात उघडून आतलं साफ करावं लागतं किंवा काढावा लागतो. गोळ्यांनी फक्त दिवस जातात. ताप असेल, सूज मानेकडे उतरत असेल, तोंड उघडेनासं झालं असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर लगेच मोठ्या रुग्णालयात जायचं, हेही लोकांपर्यंत पोचलेलं नाही. तसंच, तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवायलाच हवा, दुखत नसला तरी. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. तोंडाचा कर्करोग आरशात दिसतो अशा जागी होतो, आणि तरी लोक उशिरा पोचतात. हे फार जिवाला लागतं.

घरी काय करायचं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे, आणि खात्याच्या प्रत्येक पत्रकात तेच, त्याच शब्दांत यावं. दिवसातून दोनदा दात घासायचे; त्यातलं एकदा रात्री झोपताना, कारण झोपेत लाळ कमी होते. पेस्टमध्ये फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम (दर दहा लाख भागांत इतके भाग) असावं. घासून झाल्यावर थुंकायचं, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. तीन वर्षांखालच्या मुलाला ब्रशवर नुसता पुसट थर, आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत घासताना मोठं माणूस सोबत. पहिला दात आल्यावर, वर्षाचं व्हायच्या आत, एकदा दंतवैद्याकडे नेऊन आणायचं. पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मात्र दातांवर डाग पडण्याचा आणि पुढे हाडांना अपाय होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे कोणत्या भागातल्या पाण्यात किती आहे ती नोंदही लोकांसमोर असावी.

नवी इमारत, नवी योजना, नवं नाव यांची वाट न बघता हे सुरू करता येईल. आपल्या खात्याची जी केंद्रं आज आहेत त्यांची खरी स्थिती येत्या महिन्यात मागवा आणि जशी येईल तशी प्रसिद्ध करा. खुर्ची आहे पण चालत नाही, अशा केंद्रांची नावंही तीत असू द्या. त्यापुढे काय बिघडलं आहे, दुरुस्ती कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा.

आपली नम्र,
एक नागरिक